परदेशी विद्यापीठासोबत टाय-अप होतंय, त्यात आपल्या पोरांना खरी जागा कशी द्यायची?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुमचं समाजकार्य महाविद्यालय आहे, जर्मनीतल्या एका विद्यापीठासोबत एमओयू, म्हणजे सहकार्याचा लेखी करार, व्हायच्या बेतात आहे, तिकडचे विद्यार्थी दरवर्षी तीन आठवडे इथं फिल्डवर्कला येणार, वर्षभर अधूनमधून ऑनलाइन जॉइंट क्लास होणार, आणि तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे मिळणारे शिक्षक, असूनही को-ऑर्डिनेटर म्हणून तुमचं नाव टाकलंय. प्राचार्यांचं म्हणणं, यात इन्क्लुझिव्ह लीडरशिप, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं नेतृत्व, दिसली पाहिजे, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या रिपोर्टलाही येईल. आणि पहिल्याच ऑनलाइन मिटिंगला झालं असं की इंग्रजी येणारी तीन पोरं बोलली, बाकी कोलाम, गोंड, बंजारा, बौद्ध घरची पोरं कॅमेरा बंद करून बसली. तर आता करायचं काय.

मी फिल्डवर्कच्याच कामात वय घालवलंय, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, आणि परदेशी गटही बरेच सांभाळले. माझं मत आधीच सांगून टाकते. पोरं बोलत नाहीत हा त्यांच्या कॉन्फिडन्सचा प्रश्न समजून तुम्ही पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं वर्कशॉप घ्याल तर काहीही बदलणार नाही. ती पोरं गावच्या ग्रामसभेत बोलतात, बापाच्या पीककर्जासाठी बँकेत भांडतात, शिबिरात रात्री दोन-दोन तास पथनाट्य बसवतात. ज्या मिटिंगची वेळ, भाषा, विषय, सगळंच दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं तिथं ती गप्प बसतात. म्हणून लीडर म्हणून तुमचं पहिलं काम हे बघायचं की ठरवतंय कोण. इंग्रजी न येणारी पोरगी आणि ज्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, तुम्ही पाहुणे नेणार तिथली माणसं, या दोघांना कार्यक्रम बदलता येतो का? येत असेल तर तो इन्क्लुझिव्ह. नसेल येत तर बॅनरवर काहीही छापा.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. समाजकार्य शिक्षणाची जी जागतिक संघटना आहे, आयएएसएसडब्ल्यू, तिनं आणि समाजकार्यकर्त्यांची जागतिक संघटना आयएफएसडब्ल्यू हिनं मिळून समाजकार्य शिक्षणाची जी जागतिक मानकं केली, २००४ ची आणि मग २०२० ची सुधारित, त्यातल्या २०२० च्या मानकांमध्ये तीन भाग आहेत, संस्था, माणसं आणि व्यवसाय. आणि माणसं या भागात शिक्षक, विद्यार्थी यांच्या सोबतीनं सेवा घेणारे लोकसुद्धा धरलेत. म्हणजे ज्या वस्तीत आपण फिल्डवर्क करतो ती वस्ती शिक्षणाच्या आत आहे, नुसती भेट द्यायची जागा नाही. २०१४ ला मेलबर्नला समाजकार्याची जी जागतिक व्याख्या मंजूर झाली तिच्यात सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर यांच्यासोबत मूळनिवासी समाजांचं ज्ञानही आलं, आणि ती व्याख्या आपापल्या देशात, प्रदेशात वाढवून घ्यायची मुभाही त्यातच दिलीय. ही कागदं जर्मनीवाल्यांना तोंडपाठ असतात. तुम्ही मिटिंगमध्ये मानकांचं नाव घेऊन मागणी केली की ती ऐकली जाते, "आमच्या पोरांना जमत नाही हो" असं म्हटलं की दयेचा विषय होतो.

बरं, आता प्रत्यक्ष. सगळ्यात आधी ऑनलाइन क्लासची वेळ बघा. तिकडून ईमेल येतो की दुपारी दीडला सोयीचं आहे, हिवाळ्यात त्यांच्यात आणि आपल्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा, आणि आपण लगेच ओके लिहून टाकतो. पण खेड्यावरून येणाऱ्या पोरींची शेवटची एसटी साडेपाचला निघून जाते. मग वर्गात उरतात कोण, गावात राहणारी, होस्टेलवरची, ज्यांच्या घरी गाडी आहे ती. एकाही पोरीला कोणी हाकललं नाही, कोणाच्या मनात भेदभाव नव्हता, तरी अर्धी बॅच बाहेर गेली. दुपारी अडीच म्हणा ना. त्यांच्याकडे हिवाळ्यात सकाळचे दहा वाजतात, उन्हाळ्यात अकरा, त्यांनाही काही त्रास नाही. फक्त कोणीतरी मागितलं पाहिजे, आणि क्लास कॉलेजच्या हॉलमध्ये एका मोठ्या स्क्रीनवर घ्या, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर नको, पोडावर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं हे तुम्हाला मी काय सांगावं.

तसंच येण्याच्या महिन्याचं. त्यांच्या सुट्टीप्रमाणे मार्च-एप्रिल ठरतो. आपल्याकडे तेव्हा मोहफुलाचे दिवस, बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, दुपारी येऊन फुलं वाळवायला टाकतात, आणि पुढं तेंदूपत्ता लागतो. अशात सकाळी दहाला महिला बैठक ठेवली तर येणार कोण? ज्यांना जंगलात जावं लागत नाही त्याच बाया. आणि मग पाहुण्यांच्या डायरीत त्या बायांचं म्हणणं हेच गावाचं म्हणणं म्हणून लिहिलं जातं. जून-जुलैला पेरणी, ऑक्टोबरनंतर कापूस वेचणी. प्रत्येक महिन्यात काही ना काही असणारच, म्हणून तारीख कॉलेजनं ठरवूच नये, पोडाच्या नाईक-महाजनांना, बंजारा तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना, आणि बचत गटाच्या बायांना वेगवेगळं विचारून तीन तारखा घ्याव्या आणि त्या तिकडं पाठवाव्या. बायांना वेगळं विचाराच, पुरुषांना विचारलं की ते "केव्हाही या" म्हणतात.

भाषेबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळं इथंच अडतं. आपल्याकडची पद्धत अशी की एखादं बरं इंग्रजी बोलणारं पोरगं दुभाषी म्हणून पुढं करायचं. याचे दोन तोटे आहेत. ते पोरगं तीन आठवडे दुसऱ्यांचंच बोलत राहतं, त्याचं स्वतःचं निरीक्षण, प्रश्न, फिल्डवर्कची लेखी नोंद काहीच होत नाही. आणि बाकीच्यांना वाटतं हा कार्यक्रम त्याचाच आहे. मी काय करायची, ग्रुप कॉन्फरन्स, म्हणजे फिल्डवर्कवरची गटचर्चा, मराठीतच घ्यायची. मराठीत चर्चा चालू, दर दोन-तीन वाक्यांनी थांबायचं, पाहुण्यांसाठी इंग्रजी व्हायचं. आपल्या पोरांना समजायला थांबावं लागतं तसं पाहुण्यांनाही थांबावं लागू द्या. पहिल्या दिवशी ते अस्वस्थ होतात, घड्याळं बघतात. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्यातल्याच कोणीतरी म्हणतं की आमच्याकडे येणाऱ्या निर्वासितांना आमच्या ऑफिसात रोज असंच वाटत असणार. हे शिकायलाच तर ते आलेत! दुभाष्याचं काम रोज बदलून द्या, जोडीनं द्या, त्याला फिल्डवर्कच्या मार्कांमध्ये वेगळी जागा ठेवा आणि शक्य असेल तर मानधन द्या. आणि प्रश्न आदल्या दिवशी लेखी मागवून घ्या, दोन्हीकडून. रात्री वसतिगृहात बसून मराठीत लिहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायला कोणालाच भीती वाटत नाही, आणि खरं सांगते, सगळ्यात धारदार प्रश्न त्या कॅमेरा बंद करून बसलेल्या पोरांचेच असतात.

कोलामी भाषेचं तर अजून वेगळं. तुमच्या वर्गात कोलाम पोरं असतील तर ती त्या तीन आठवड्यांतली सगळ्यात महत्त्वाची माणसं आहेत. आपल्या राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमाती, त्यातल्या कोलामांची वस्ती तुमच्याच भागात. पोडावरची म्हातारी माणसं कोलामीतच मोकळी होतात. तिथं मला, तुम्हाला आणि जर्मन पाहुण्यांना, तिघांनाही दुभाषी लागतो, आणि त्या दिवशी वर्गातला सगळा क्रम उलटा होतो.

एक प्रसंग सांगते, झरी-जामणीकडच्या एका पोडावरचा. पाहुणे, आपली पोरं, चावडीपाशी बसलेले. एका पाहुणीनं खूप अदबीनं, हात जोडून एका आजीला फोटोसाठी विचारलं. आमच्यातल्या एका पोरानं चटकन सांगितलं, हो हो काढा, त्यांना आवडते. तेवढ्यात त्याच पोडाच्या नात्यातली आमची एक विद्यार्थिनी, एरवी वर्गात आवाज न निघणारी, म्हणाली थांबा, आणि आजीला कोलामीत विचारलं. आजी बराच वेळ बोलली. पोरीनं आम्हाला वऱ्हाडीत सांगितलं, "आजी म्हणते, हा फोटो तिकडं कोण पाहीन, अन् माह्याबद्दल काय सांगतीन?" मग ते इंग्रजीत गेलं. पाहुणीकडे लगेच उत्तर नव्हतं, तिनं तसं सांगितलं, आणि मोबाइल पिशवीत ठेवला. पुढचा अर्धा तास त्यावरच बोलणं झालं, शेवटी आजीनंच ठरवलं की फोटो काढायचा, पण नातवासोबत आणि घराच्या आत नाही, आणि एक प्रत छापून इकडं यायची. तेव्हापासून आमच्याकडे नियमच, कोणत्याही वस्तीत पहिल्या दिवशी कॅमेरा नाही, आणि फोटोची परवानगी मागायची ती त्या वस्तीच्या भाषेत, आपल्या पोरांमार्फत. समाजकार्याच्या २०१८ च्या जागतिक नीतितत्त्वांमध्ये तंत्रज्ञान आणि सोशल मीडियाच्या वापराचा मुद्दा आहेच, तो वर्गात शिकवताना पोरं झोपतात, आजीचा प्रश्न कोणी विसरत नाही. आणि बघा, त्या दिवशी लीडर कोण होतं? मी नव्हते, पाहुण्यांच्या प्रोफेसर मॅडमही नव्हत्या.

आता जातीचं बोलते, कारण एमओयूत ते कुठंच येत नाही. परदेशी गट गावात आला की गाडी कुठं थांबते? सरपंचाच्या किंवा पाटलाच्या घरासमोर. चहा तिथं, सत्कार तिथं, जेवणही तिथंच. मग मारुतीच्या पारावर बैठक, मग शाळा, आणि बौद्ध वस्ती, मातंग वस्ती, बेड्यावरची पारध्यांची घरं राहतात शेवटी, तोवर ऊन झालेलं असतं, पाहुणे थकलेले असतात, आणि "वेळेअभावी" ते राहून जातं. माझा आग्रह असा की चालण्याचा रस्ता उलटा करा. गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला लावा, सुरुवात विहारापासून करा, पहिला चहा तिथला प्या, जेवण बचत गटाला पैसे देऊन करायला सांगा आणि तो गट कोणत्या वस्तीचा हे दरवेळी बदला. सरपंच नाराज होतील असं वाटतं, पण आधी जाऊन बसून सांगितलं तर बहुतेक समजून घेतात. आणि पाहुण्यांना ओरिएंटेशनमध्ये जात स्पष्ट शिकवा. आपल्याकडच्या शिक्षकांना लाज वाटते, घरची गोष्ट बाहेर कशाला, असं वाटतं. तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला काय झालं आणि का झालं हे न सांगता विदर्भातलं समाजकार्य शिकवताच येत नाही. फक्त ते सांगताना वर्गातल्या बौद्ध पोराला उभं करून "तुझा अनुभव सांग" असं कधीही म्हणू नका. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल, नाहीतर त्याला घटना, कायदा, आकडेवारी यावर बोलू द्या, जसं बाकीचे बोलतात.

पाहुण्यांमध्येही कोणीतरी बाजूला पडतंच. गोऱ्या मुलीसोबत सेल्फीला रांग लागते आणि त्याच गटातल्या आफ्रिकी वंशाच्या मुलाकडे लोक टक लावून पाहतात, कुजबुजतात. एखादी व्हीलचेअरवर असते, आपल्या अर्ध्या इमारतींना रॅम्प नाही, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आल्यावरसुद्धा. येण्याआधी प्रत्येकाला खाजगीत फॉर्म पाठवा, खाणं, औषधं, टॉयलेट, राहण्याची सोय, कोणासोबत खोली चालेल, सगळं विचारा. आणि तोच फॉर्म आपल्या पोरांनाही भरायला द्या, त्यांना आयुष्यात असं कोणी विचारलेलं नसतं. पाळीच्या दिवसात शिबिरात कुठं झोपायचं हा प्रश्न आमच्या पोरींनी पहिल्यांदा त्या फॉर्मवरच लिहिला.

बाहेरची मॉडेल्स शोधू नका असं मी म्हणत नाही, पण आपल्या शेजारी काय आहे ते आधी बघा. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. तिथली ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते, एकाचाही विरोध असेल तर विषय पुढं ढकलतात आणि बोलत राहतात. आणि निर्णयापासून वेगळा त्यांचा अभ्यासगट असतो, त्यात बाहेरचा माणूस, अधिकारी, अभ्यासक, कोणीही येऊन बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा. याच ताकदीवर २००९ ला त्यांना १८०० हेक्टरच्या आसपास जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ ला बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. तुमच्या कार्यक्रमाची रचना हुबेहूब अशी करता येते. जर्मन प्रोफेसर, तुम्ही, प्राचार्य, सगळे अभ्यासगटात. कोणत्या वस्तीत जायचं, काय विचारायचं, काय छापायचं हे ठरवणारी समिती वेगळी, तिच्यात दोन्हीकडचे विद्यार्थी आणि वस्तीची माणसं, आणि तिथं मतदान नाही. वेळ लागतो, हो. पहिल्या वर्षी तर असं वाटतं की बोलण्यातच तीन आठवडे जातील. पण मतदान घेतलं की इंग्रजीवाले जिंकतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता त्यावर वाद घालायचीही इच्छा राहिली नाही.

पोरांना इतिहासही थोडा सांगा. आपल्या देशात समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण १९३६ ला मुंबईत सुरू झालं, आजचं टीआयएसएस (टाटा समाजविज्ञान संस्था), त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन होते, अभ्यासक्रमही बराचसा तिकडचा. त्याच वर्षी गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. आणि त्याच्याही आधीपासून गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरत होते. पुढं २०१२ ते २०१६ या काळात आयएएसएसडब्ल्यूच्या अध्यक्षपदी आपल्याकडच्या विमला नाडकर्णी होत्या. म्हणजे शिकवायचं तिकडच्यांनी आणि शिकायचं आपण, असं काही ठरलेलं नाही. पोरांना हे माहीतच नसतं, आणि माहीत झालं की बसण्याची पद्धतच बदलते त्यांची.

पैशाचं पटकन सांगते. ते इकडं येतात, आपली पोरं तिकडं जात नाहीत, हा सगळ्यात मोठा असमतोल. एमओयूत लिहून घ्या की दरवर्षी निदान दोन आपले विद्यार्थी जातील, तिकीट-व्हिसा त्यांच्याकडून, आणि निवड इंग्रजीच्या टेस्टवर नाही, फिल्डवर्कवर. पुढच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या पोरांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाचीही आहे, त्याची माहिती शेवटच्या वर्षाला नाही, पहिल्याच वर्षी द्या, कारण पासपोर्ट, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला यातच वर्ष जातं. वस्तीतल्या माणसांच्या वेळेचे पैसे बजेटमध्ये धरा, रोजी बुडवून ती बसतात. पण परदेशी पैसा आमच्याकडून तुमच्या गटाला देऊ असा शब्द कोणाला देऊ नका, एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आधी सीएशी बोला. पाहुणे जिथं उतरतील तिथून २४ तासांत त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे कळवली जातेय की नाही हे तुम्ही स्वतः बघा, आणि व्हिसा कोणता घ्यायचा हे त्यांच्या विद्यापीठाकडून लेखी मागवा.

राहिला तुमचा स्वतःचा मुद्दा, की मी सीएचबीवर, माझं कोण ऐकणार. बरोबर आहे, तासाच्या हिशोबानं पैसे मिळणाऱ्या माणसाकडून वर्षभराचं आंतरराष्ट्रीय काम करून घेणं हेच मुळात समावेशक नाही, आणि हे मिटिंगमध्ये म्हणायची हिंमत परमनंट लोकांनी दाखवायला पाहिजे. तुम्ही एवढं करा की को-ऑर्डिनेटरचं काम, त्याचे तास, मानधन आणि रिसर्च पेपरवर नाव येण्याचा नियम लेखी मागा, ऑर्डर निघू द्या, मगच पुढं जा. सोबत वर्गातले दोन विद्यार्थी सह-समन्वयक म्हणून त्याच ऑर्डरमध्ये घ्या, त्यातली एक खेड्यावरून येणारी पोरगी. ईमेलच्या सीसीमध्ये ते दोघे पहिल्या दिवसापासून असू द्या. त्यांच्यासमोर झालेला पत्रव्यवहार वेगळाच होतो, माझ्या अनुभवात तरी.

एमओयूचा ड्राफ्ट अजून सही झाला नसेल तर त्यातलं प्रकाशनाचं आणि डेटाचं कलम नीट वाचा. वस्तीतल्या मुलाखती तिकडच्या थिसिसमध्ये जातात आणि इकडं कागदही परत येत नाही, असं फार झालंय. मराठीतला सारांश वस्तीत वाचून दाखवल्याशिवाय काहीही छापायचं नाही, आणि आपल्या ज्या विद्यार्थ्यानं मुलाखत घेतली किंवा भाषांतर केलं त्याचं नाव लेखकांमध्ये येईल, ही दोन वाक्यं त्यात घाला. ते कलम मला पाठवलंत तर मी बघून देते, आणि येत्या मिटिंगला वेळ अडीचची मागा.